पोटावरचे पोचे

अरे थांबा, आधी मला पूर्ण सांगू दे, मग हसा. माझ्या दादाचं लग्न गाडीच्या पोटावरून ठरलं. नाही, मी वाढवून सांगत नाहीये. गाडीला पोट असतं, खाली असतं, आणि ते बघायला एक अख्खा डॉक्टर जमिनीवर उताणा झोपला होता. दातांचा डॉक्टर. सांगते, सांगते.

आमच्या आईचा केकचा व्यवसाय तुम्हाला माहितीय. आई केक करते, मी त्यावर साखरेची फुलं लावते आणि दादा ते पोचवतो. त्यासाठी आईने एक जुनी फोर बाय फोर घेतली होती. दऱ्याखोऱ्यांत जाणारी, दणकट, दिसायला गेंडा. का घेतली? तर मागे जागा सपाट आहे, तीन मजली केक उभा राहतो. एवढंच कारण. त्या गेंड्याने आमच्याकडे आल्यापासून चिखल पाहिला नव्हता. आणि दादा चालवतो कसा, तर झोपलेलं बाळ उचलून पलंगावर ठेवतात ना, तसं. सायकलवाले त्याला मागे टाकतात आणि वळून बघतात, गाडी बंद पडलीय का, धक्का मारायचाय का म्हणून.

तर हा दादा प्रेमात पडला. औषधांच्या दुकानात काउंटरवर असते ती. मी तिला दुसऱ्या भेटीतच वहिनी म्हणायला लागले, दादा लाल झाला, पण नको म्हणाला नाही. सगळं छान. अडचण एकच, वहिनीचे वडील. आठवडाभर लोकांचे दात काढायचे आणि रविवारी आपल्यासारख्याच चार वेड्यांना घेऊन गाड्या खडकांवर चढवायच्या, हा त्यांचा छंद. त्यांच्या ग्रुपमध्ये माणसाची किंमत कशावरून ठरते माहितीय? गाडीच्या पोटाखाली एक जाड पोलादी पत्रा लावतात, दगड लागला तर इंजिन फुटू नये म्हणून. त्याला हे लोक प्लेट म्हणतात. ज्याच्या प्लेटवर जास्त पोचे, तो मोठा. ज्याची प्लेट गुळगुळीत, तो घरकोंबडा.

वहिनीने उत्साहाच्या भरात वडिलांना सांगून टाकलं, "बाबा, त्याच्याकडे पण फोर बाय फोर आहे. खडकांतून आरामात नेतो."

"असं?" डॉक्टर एकदम खूश. "मग रविवारी घेऊन ये. माणूस तोंड उघडल्यावर कळतो आणि गाडी खाली झोपल्यावर. मी खालून बघेन, मग पुढचं बोलू."

झालं! वर त्यांनी ग्रुपमध्ये सगळ्यांना सांगितलंही, माझा होणारा जावई आपल्यातलाच निघाला म्हणून.

वहिनी धावत आमच्याकडे आली. दादाला प्लेट म्हणजे काय हे समजावून सांगितलं. दादाने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण दगड लागूच का द्यायचा?"

वहिनीने कपाळावर हात मारून घेतला.

आमच्या गाडीचं मॉडेल एवढं जुनं की तयार प्लेट कुठे मिळेना. मग आम्ही पत्रेवाल्या काकांकडे गेलो. ते दुकानांची शटर, जिने, कठडे असलं सगळं करतात. ते गाडीखाली सरकले आणि आतून ओरडले, "पुठ्ठा द्या!" पुठ्ठा म्हणजे आमच्याकडे केकचे खोके. ते एकेक खोका फाडून गाडीच्या पोटाला लावायचे, पेन्सिलने रेघ मारायचे, कापायचे, परत लावायचे. इथे इंजिनचं ऑइल काढायला भोक हवं. इथे सायलेन्सर तापतो, तिथे बोटभर जागा सोडायची. इथे हवा खेळायला फटी. शिंप्याने माप घ्यावं तसं चाललं होतं. थोड्या वेळाने गाडीचं अख्खं पोट पुठ्ठ्याचं झालं, आणि त्यावर जागोजागी छापलेलं, 'नाजूक वस्तू, जपून हाताळा'.

मग त्यावरून पत्रा कापला. कडा वर वळवल्या, म्हणजे गवत, फांद्या अडकत नाहीत आणि पत्र्याला ताकद येते. काळा रंग दिला. रबराचे वॉशर घालून बोल्ट आवळले. काकांनी खालून एक थाप मारली, ठण्ण! "आता डोंगर आपटला तरी डोंगराला लागेल," म्हणाले.

इतकी सुंदर बसली होती ना प्लेट! आणि तीच पंचाईत. आरशासारखी चकाचक. एक ओरखडा नाही.

"जा, कुठेतरी घासून आण," मी दादाला म्हटलं. आम्ही गावाबाहेरच्या मातीच्या रस्त्यावर गेलो. मी एक छान टोकदार दगड निवडला, रस्त्याच्या मधोमध ठेवला आणि बाजूला उभी राहिले. दादा आला. दगडाजवळ आल्यावर गाडी आपोआप हळू झाली, अलगद डावीकडे सरकली, चाक दगडावर असं ठेवलं जसं कोणी उशीवर डोकं ठेवतं, आणि गाडी पलीकडे. पोटाला काही नाही.

"अरे, लागू दे ना त्याला!"

"लागतोय कुठे? मी प्रयत्न करतोय!" दादा रडकुंडीला आला होता. "पायच ऐकत नाही गं. मागे केक आहे असंच वाटतं."

मी मोठा दगड ठेवला. तोही हुकवला. शेवटी मी म्हटलं, बस झालं, घरी चल.

घरी येऊन आम्ही प्लेट काढली, अंगणात ठेवली आणि आईचा बर्फ फोडायचा हातोडा घेतला. आधी मी, मग दादा, मग वहिनी. वहिनीचा हात तर काय चालत होता, बापावरचा राग सगळा त्या पत्र्यावर. एक पोचा इंजिनखाली, दोन मध्ये, एक कडेला, म्हणजे खरं वाटावं. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "नवीन आणलेलं भांडं पहिल्या दिवशी बदडायचं, ही कुठली पद्धत?" आम्ही म्हटलं, आई, तुला नाही कळणार.

ठोकून ठोकून पत्रा एवढा वाकला की भोकं जुळेनात. परत पत्रेवाले काका. त्यांनी प्लेट हातात घेतली. प्लेटकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, पुन्हा प्लेटकडे.

"हिला अशीच बसवू?"

"अशीच," दादा छाती काढून म्हणाला.

"बरं," काका म्हणाले, भोकं मोठी केली आणि बसवली. एवढं एकच 'बरं' म्हणाले. आमच्या डोक्यात प्रकाश पडायला नको?

आला रविवार. त्याच संध्याकाळी एका लग्नाचा केक पोचवायचा होता, म्हणून केक मागे घेऊनच आम्ही डॉक्टरांकडे गेलो. तीन मजली, पांढरा, वरच्या मजल्यावर साखरेचे दोन हंस, एकमेकांकडे माना वळवलेले. त्या माना मी केल्या होत्या, काडेपेटीच्या काडीएवढ्या जाड. लक्षात ठेवा.

डॉक्टर बाहेरच उभे होते. हातात मोजे घातलेले. शप्पथ. त्यांनी चटई अंथरली, टॉर्च घेतला, दात बघायचा तो लांब दांड्याचा चिमुकला आरसा घेतला आणि गाडीखाली गेले. बाहेर फक्त बूट. आतून "हं... हं..." असा आवाज. मी बुटांवरून अंदाज घेत होते. डावा बूट हलला की मी एक पाऊल मागे.

"अहो," बूट म्हणाले, "हा मोठा पोचा कुठला?"

"खाणीतला," दादा म्हणाला.

"दगड फार मोठा असेल."

"हो, बराच."

"आणि तो होता कुठे? गाडीच्या खाली की आत?"

दादा गोंधळला. "खालीच ना, काका. दगड आत कसा असेल?"

"तेच मी विचारतोय. पोचा बाहेर आलाय! हा दगड काय इंजिनात बसून खाली लाथा मारत होता?"

 मला तेव्हा, त्या क्षणी कळलं की आम्ही काय केलं होतं. आमच्या घरात कडा वर वळवलेला पत्रा म्हणजे काय? ट्रे! ट्रे कसा ठेवतात? तोंड वर! आम्ही प्लेट ट्रेसारखी ठेवली आणि आतून ठोकली. जन्मभर जे केलं तेच केलं. गाडीखाली लावल्यावर सगळे पोचे फोडांसारखे खाली लोंबत होते.

डॉक्टर बाहेर आले. मोजे काढले, एकेक बोट ओढून. मला वाटलं, आता सांगतील, दात काढावा लागेल.

दादाने एकदाच वहिनीकडे बघितलं आणि सगळं खरं बोलून मोकळा झाला. "काका, मी केक पोचवतो. खडकांत कधी गेलो नाही. पोचे आम्हीच पाडले."

"आणि तेही उलटे," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे खोटं बोलायचं, तेसुद्धा धड जमत नाही. या तुम्ही."

"खोटं मी बोलले, बाबा," वहिनी मध्ये पडली. मान ताठ. "तो नाही. आणि त्याला गाडी तुमच्यापेक्षा चांगली येते."

बाप रे! डॉक्टरांच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या ना! "पोचा न पाडता कोणाला गाडी आलीय? चल म्हणावं खाणीत. आत्ता. मी पुढे, तो मागे. वरपर्यंत आला तर पुढचं बोलू, नाही आला तर हा विषय आपल्या घरात पुन्हा नको."

"दादा, केक," मी त्याचा शर्ट ओढला. "आई जीव घेईल."

"मागे बस," दादा म्हणाला, "आणि हंसांकडे बघ."

जुनी दगडखाण आहे ना, तिथे यांचा रस्ता. रस्ता कसला, राक्षसाने जेवून टाकलेली हाडं. डॉक्टर निघाले पुढे. धडाम! गाडीचं पोट आपटलं. खिडकीतून हात बाहेर काढून आम्हाला अंगठा दाखवला. खडाड! पुन्हा अंगठा. प्रत्येक आवाजाला माणूस असा फुलत होता जसं कोणी टाळ्या वाजवतंय.

दादा थांबला. खाली उतरला. पुढे चालत गेला, एका दगडावर उभा राहिला, दुसऱ्याला पायाने हलवून बघितलं, परत आला. गाडी हातभर पुढे. पुन्हा उतरला. वहिनी शेजारी बसून हळूच म्हणाली, "बाबा वर पोचले पण."

"पोचू दे. त्यांच्याकडे केक नाहीये."

मी मागे आडवी पडून हंसांच्या मानांकडे बघत होते. गाडी तिरकी व्हायची, मान थरथरायची, मी श्वास धरायचे, गाडी अलगद सरळ व्हायची, मान तिथेच. चाक दगडाच्या डोक्यावर चढायचं, क्षणभर उभं राहायचं आणि असं उतरायचं जसं कोणाची झोपमोड होऊ नये. संबंध खाणीत आमच्या गाडीचा एक आवाज नाही. वर पोचलो तेव्हा डॉक्टर वाट बघून बघून बसकण मारून बसले होते.

ते उठले, चटईवर झोपले आणि आरसा घेऊन आत गेले. बूट पुढून मागे, मागून पुढे सरकले. मग बूट म्हणाले, "कुठेच लागलं नाही?"

त्या आवाजात काय दुःख होतं, तुम्हाला सांगते!

बाहेर येऊन त्यांनी मागचं दार उघडलं. वाकून वाकून केक सगळ्या बाजूंनी बघितला. हंसांच्या मानांखाली तो चिमुकला आरसा घालून बघितला. तडा नाही. मग आपल्या गाडीकडे बघितलं, तिच्या पोटातून काहीतरी टपटप गळत होतं. मग दादाकडे.

"आता आली का पंचाईत," ते हताश होऊन म्हणाले. "हा मुलगा या जन्मात प्लेट घासणार नाही. आणि मी ग्रुपला सांगून बसलोय. पुढच्या रविवारी सगळे याची गाडी बघायला येणार. गुळगुळीत प्लेट बघून म्हणतील, डॉक्टरांनी मुलगी घरकोंबड्याला दिली."

'दिली' म्हणाले! ऐकलंत ना? वहिनीने माझ्या हाताला एवढा जोरात चिमटा काढला की अजून निळं आहे.

केक वेळेवर पोचला, त्या नवरा-नवरीला काय कल्पना त्यांचा केक कुठून फिरून आलाय. आणि दोन दिवसांनी दुपारी डॉक्टर आमच्या अंगणात हजर. सोबत वाळूची पोती आणि स्वतःची हातोडी. दादाने प्लेट काढली. डॉक्टरांनी सगळ्यांत आधी ती पालथी घातली आणि आमच्याकडे असं बघितलं जसं आपण दूध सांडलेल्या मांजराकडे बघतो.

"ही बाजू," म्हणाले. "जमिनीकडची. दगड जमिनीवर असतात."

मग मोजे चढवले, पत्र्यावर हळूच टिचक्या मारून जागा शोधली, आणि प्लेटला म्हणाले, "थोडंसं दुखेल हं." ठण्ण! आधी आमचे फोड आत दाबले, मग नवे पोचे. मी टॉर्च धरला होता. ठोकायचे, आरशात बघायचे, पुन्हा ठोकायचे. दादा म्हणाला, "काका, पुरे." तर म्हणाले, "तू गप्प बस, तुला काय कळतं खडकातलं." आईने चहा आणला, बघितलं, आणि म्हणाली, "आता हेही?"

पुढच्या रविवारी ग्रुप आला. सगळे आळीपाळीने गाडीखाली झोपले. आतून नुसते "वा!", "हाणलीय पोराने!" असे आवाज. एकाने बाहेर डोकं काढून दादाला विचारलं, "हा मधला खोल पोचा कुठे पडला हो?"

दादाने तोंड उघडलं. तुम्हाला माहितीय, तो खरंच सांगणार होता. पण डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला.

"खाणीत, शेवटच्या चढावर," ते म्हणाले. "मी होतो ना तिथे. डोळ्यांनी बघितलं."