चौदा नंबरच्या डबीतले दात

चौदा नंबरच्या डबीत पाणी होतं, झाकणाला डॉक्टरांची चिठ्ठी चिकटवलेली होती, दात मात्र नव्हते.

वयानं सगळ्यांत लहान म्हणून कारखान्यात जिला धाकटी म्हणत, तिनं झाकण लावलं आणि पुन्हा उघडलं. असं केल्यानं गेलेली वस्तू परत येत नाही हे तिला कळत होतं. पण लेक झाल्यापासून, म्हणजे गेले आठ महिने, ती सगळंच दोनदा बघायची. गॅस, कडी, पाळण्यातला श्वास. तिसऱ्यांदा झाकणाला हात घातला तेव्हा खिडकीतून आवाज आला, "नाहीत म्हणजे नाहीत. झाकण झिजवून काय होणार आहे?"

खिडकीच्या कट्ट्यावर मुकादम बसले होते, पाय पोटाखाली घेऊन, उन्हात.

मुकादम म्हणजे तिथला राखाडी बोका. कृत्रिम दात बनवायच्या त्या तीन खोल्यांत तो चार वर्षांपूर्वी आपणहून आला, दोन दिवस सगळ्यांचं काम बघत बसला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "दार लोटा जरा, वारा येतोय." म्हाताऱ्या कारागीर काकांच्या हातातला साचा खाली पडून फुटला, इतकंच. पुढे सवय झाली. स्वतः काडीचं काम न करता दुसऱ्यांच्या कामावर नजर ठेवणाऱ्याला दुसरं कुठलं नाव शोभणार? आणि नावच असं पडल्यावर सगळे त्याला अहो-जाहोच करू लागले.

"मुकादम, काल संध्याकाळी मी डबी बंद केली तेव्हा तुम्ही इथेच होतात ना?"

"मी डोळे मिटून पडलो होतो."

"तुम्ही एका डोळ्यानं झोपता, हे साऱ्या गल्लीला ठाऊक आहे."

"मग तो दुसरा डोळा होता," मुकादम म्हणाले आणि पंजा चाटू लागले.

तेवढ्यात मॅडम आल्या. हा कारखाना त्यांचा. बाई तडफदार, तोडून बोलणाऱ्या, पण मनात ठेवणाऱ्या नव्हेत. धाकटी बाळंतपणानंतर परत आली तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं होतं, "काम बारकाईचं आहे. झोप नसलेल्या माणसाचं नाही. एक महिना बघू, जमलं तर राहा." त्या महिन्याचे आता तीनच दिवस उरले होते. मधल्या काळात धाकटीनं एकदा साच्यावर चुकीचं नाव घातलं होतं, आणि एकदा पॉलिशच्या मशीनसमोर उभ्याउभ्याच डुलकी काढली होती.

"चौदा नंबर झाले ना गं? चारला दवाखान्याचा माणूस येतोय."

"दात... सापडत नाहीयेत, मॅडम."

मॅडमनी पर्स खाली ठेवली. "डबीत कोणी ठेवले होते?"

"मीच."

"मग?"

धाकटीनं रिकामी डबी पुढे केली. मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. "त्या आजी उद्या सकाळच्या गाडीनं बहिणीकडे निघाल्यात. सात वर्षं बोलणं नव्हतं दोघींचं. दवाखान्यातली मुलगी सांगत होती, आजी म्हणतात, बोळकं घेऊन भांडण मिटवायला गेले तर ती आधी हसेल आणि मग मी पुन्हा भांडेन. तीन आठवडे तोंडावर रुमाल धरून बसल्यात. चारच्या आत दात हवेत. नाहीतर धाकटे, मला महिन्याचं वेगळं काही सांगायला लागू नये."

त्या आपल्या खोलीत गेल्या. धाकटीला सगळ्यात आधी स्वतःचाच संशय आला. झोपेच्या तारेत दूध फडताळात आणि डाळीचा डबा फ्रीजमध्ये ठेवणारी बाई काय करणार नाही? तिनं घरी फोन लावला.

"सासूबाई, बाळाच्या पिशवीत बघा ना जरा, दात आहेत का?"

"बाळाला दात आले?" सासूबाई केवढ्यानं ओरडल्या. "अगोबाई! सकाळी तर मी बोट फिरवून बघितलं!"

"बाळाचे नाही हो. चार दात. वरचे. गुलाबी पट्टीवर बसवलेले."

पलीकडून पिशवी उलटी केल्याचा आवाज. "लंगोट आहेत, खुळखुळा आहे, तुझा डावा मोजा आहे. दात नाहीत. सूनबाई, तू जेवलीस का गं काही?"

फोन ठेवला तेव्हा तिचं लक्ष पुन्हा खिडकीकडे गेलं. मुकादम भिंतीकडे बघत होते. भिंतीवर बघण्यासारखं काहीही नव्हतं. ही नजर तिच्या ओळखीची होती. लेकीनं जमिनीवरून काहीतरी उचलून तोंडात घातलं की ती अशीच, अगदी साध्वीसारखी, भलतीकडे बघायची.

म्हणजे बोक्याला माहीत होतं. आणि दात तिनं हरवले नव्हते.

तिनं टेबलं धुंडाळली, सिंक बघितलं, शेवटी कचऱ्याचा डबा वर्तमानपत्रावर ओतला. प्लास्टरचा भुगा, मेणाचे काप, आणि त्यांत दातांची तीन कार्डं. बाजारातून दात येतात ते असे, कार्डावरच्या मेणाच्या पट्टीत सहा-सहा रोवलेले, खाली शेडचा नंबर. पांढरा म्हणजे एकच पांढरा, असं बाहेरच्यांना वाटतं. इथे पांढऱ्याच्या सोळा शेड असतात, आणि शेजारच्या खऱ्या दाताशी शेड जुळली नाही तर चारचौघांत माणसाचं बिंग फुटतं. डबा रोज संध्याकाळी रिकामा व्हायचा; काल काम झालेलं असताना ही तीन कार्डं आज का फुटली? तिन्हींचे नंबर वेगळे होते, आणि प्रत्येकातून पुढचे चार दात काढलेले. एका कार्डाच्या मेणात एक राखाडी केस रुतला होता.

चार दात. चौदा नंबर कुणी चोरला नव्हता, तो कुणीतरी पुन्हा बनवत होतं. आणि त्या कुणाच्या तरी शेजारी मुकादम बसले होते.

दात बसवायचं काम या कारखान्यात एकच माणूस करायचा. काका. मॅडमच्या वडिलांच्या वेळेपासूनचे. ते सकाळपासून मागच्या खोलीत दार लोटून बसले होते. साचे ओततोय म्हणाले होते.

पण तीन शेड कशासाठी? नंबर तर चिठ्ठीवर लिहिलेला असतो. आणि काकांनी शेड लावायला बोका कधीपासून जवळ घेतला? कॉलेजातला प्राणिशास्त्राचा एक तास तिला पुसटसा आठवला. तिनं कपाटातून एक कार्ड काढलं, त्यातले दोन दात सोडवले आणि दोन तळहातांवर एकेक ठेवून खिडकीशी गेली.

"मुकादम, एक सल्ला हवा होता. तुमच्याशिवाय कोण देणार?"

मुकादमांनी मान वळवली. सल्ला म्हटलं की त्यांचे कान आपोआप ताठ होत.

"यातला जास्त पिवळा कुठला?"

मुकादमांनी डोळे बारीक केले, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, मिशा हलवल्या. "उजवा. उघडच आहे."

"दोन्ही एकाच कार्डावरचे आहेत."

मुकादमांनी पंजा उचलला, चाटला नाही, तसाच खाली ठेवला.

"अरे लबाडा," धाकटी म्हणाली. अहो-जाहो गळून पडलं होतं. "तुला रंगच कळत नाहीत!"

"अगदीच कळत नाहीत असं नाही," मुकादम पुटपुटले. "करडा कळतो. त्याहून करडा कळतो. थोडंफार निळं..."

"आणि काकांना तू शेड सांगत होतास!"

"हळू बोल." बोक्यानं मॅडमच्या दाराकडे बघितलं. मग कट्ट्यावरून उतरून तो तिच्या पायाशी आला, हे तो कधी करत नसे. "दोन-तीन महिने झाले. त्यांना सगळं धुक्यातून दिसतं, पिवळट. डोळ्यांत पडदा आलाय म्हणतात. चिठ्ठीवरचा बारीक नंबरही वाचता येत नाही. एक दिवस दोन दात माझ्यासमोर धरले आणि म्हणाले, मुकादम, तुमची नजर तिखट, तुम्ही सांगा. चार वर्षांत मला कुणी काही विचारलं नव्हतं गं. मुकादम मुकादम म्हणतात सगळे, पण चेष्टेनं. मला काय कळत नाही?"

"मग?"

"मग मी सांगितलं. उजवा. कधी डावा. आत्मविश्वासानं."

"आणि दात जुळायचे?"

"बहुतेक वेळा काकांचा हात आणि नशीब. काल तू पॉलिश करताना म्हणालीस ना, काका, आजींचे दात जरा जास्तच उजळ वाटतात नाही? ते हसले. पण रात्रभर तळमळले असणार. सकाळी तुझ्याआधी येऊन डबीतून काढले."

धाकटी तिथेच उभी राहिली. समोर मॅडमचं दार होतं. दहा पावलं चालून चार वाक्यं बोलायची, की तिची सुटका होती. तिनं घड्याळ बघितलं. पावणेबारा. मग ती वळली आणि मागच्या खोलीचं दार हळूच ढकललं.

काका सिंकशेजारच्या स्टुलावर बसले होते. समोर गुलाबी पट्टी, जुने दात कोरून काढलेली, पुढून पोकळ. तीन शेडचे बारा दात कागदावर रांगेत मांडलेले. ते एकेक दात उचलून नाकाशी नेत होते आणि ठेवत होते.

"कोण, मुकादम का?" मान वर न करता त्यांनी विचारलं. "या. पुन्हा एकदा बघा बरं."

"मी आहे, काका."

काकांचा हात कागदावर झाकण घातल्यासारखा पडला. मग ते म्हणाले, "दुपारपर्यंत बसवून डबीत परत ठेवणार होतो, पोरी. तुझ्यावर येईल असं... म्हणजे मनात आलं होतं माझ्या. खोटं कशाला बोलू? आलं होतं, आणि तरी मी गप्प बसलो."

धाकटीला राग यायला हवा होता, आणि थोडा आलाही. पण नाकाशी दात नेणाऱ्या त्या माणसाकडे बघताना तिला गेल्या महिनाभरातली ती स्वतःच दिसत होती: प्रत्येक चूक पदराखाली झाकणारी, कुणी बघितलं तर नाही ना म्हणून दाराकडे कान देणारी.

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं की हात बघतील, वय बघतील, म्हणतील आता घरी बसा. घरी आहे कोण?"

तिनं डबी आणून झाकणावरची चिठ्ठी वाचली, सोळाही शेडचे नमुने लावलेली पट्टी घेतली आणि स्टूल ओढून दारातल्या उजेडात बसली. "नंबर मी लावते. बसवणार तुम्ही. आणि बोका लांब बसणार."

"मी काही..." दारातून आवाज आला.

"लांब!" दोघंही म्हणाले.

तिनं चार दात निवडून एकेक करून काकांच्या तळहातावर ठेवले. पुढचं तिनं फक्त बघितलं. काकांनी डोळे मिटून घेतले, त्यांचा तसाही उपयोग नव्हता, आणि बोटांच्या टोकांनी दात पोकळीत बसवायला घेतले. किंचित आत, किंचित तिरका, जसा खरा दात असतो तसा. एक दात तर त्यांनी मुद्दाम शेजारच्यावर केसभर चढवला. "आजींचा जुना फोटो दाखवला होता डॉक्टरांनी," ते म्हणाले. "नाकाशी धरून तेवढं दिसलं. हा दात असाच होता. बहिणीला ओळखू यायला नको?"

गुलाबी लेप भरला, तो वाळला, धाकटीनं घासलं, पॉलिशचं मशीन फिरवलं. या वेळी डुलकीची टाप नव्हती. साडेतीनला चौदा नंबरच्या डबीत दात होते.

मॅडम दारात उभ्या राहिल्या. "मिळाले? कुठे होते?"

धाकटीनं तोंड उघडलं. माझ्याच पिशवीत होते, हे वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. ते बोललं की महिना संपला, हेही तिला ठाऊक होतं. काकांनीही तोंड उघडलं होतं. पण दोघांच्या आधी टेबलावर उडी पडली.

"मला रंग दिसत नाहीत," मुकादम म्हणाले.

मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं. "बरं. मग?"

"मला रंग दिसत नाहीत आणि मी दिसतात म्हणून सांगत होतो. चूक माझ्यापासून सुरू झाली." एवढं बोलून बोका पाठ करून बसला. त्याची शेपटी थरथरत होती. मांजराच्या जातीला हे किती जड गेलं असेल, ते ज्यांनी मांजर पाळलंय त्यांनाच कळेल.

मग काकांनी बाकीचं सांगितलं. काही न लपवता, धाकटीवर आळ येईल हे माहीत होतं तेही.

मॅडम ऐकत राहिल्या. त्यांनी डबी उघडली, दात उजेडात धरले, शेडच्या पट्टीशी लावून बघितले. त्या चढलेल्या दातावर त्यांची नजर थांबली.

"काका, उद्या साडेनऊला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय. मी येते बरोबर. मोतीबिंदूचं आजकाल अर्ध्या तासाचं ऑपरेशन असतं, आणि तुम्ही तीन महिने एका बोक्याच्या भरवशावर काढलेत! मला विचारायचं सोडून?" आवाज चढला होता, पण डोळे भलतंच बोलत होते. "तोवर बोटांनी बसवा. शेड धाकटी बघेल. नंतरही तीच बघेल."

"पण मॅडम, महिना..." धाकटी म्हणाली.

"कुठला महिना?" असं म्हणून त्या दवाखान्याच्या माणसाला दार उघडायला गेल्या.

डबी गेली. काका मागे तोंड धुवायला गेले, आणि बराच वेळ धुतच राहिले. धाकटी खिडकीशी येऊन कट्ट्यावर टेकली. तिला घरी निघायला अजून पाऊण तास होता, आणि आज पहिल्यांदाच तो पाऊण तास तिच्या छातीवर बसला नव्हता.

"ते गुलाबी गुलाबी म्हणता तुम्ही लोक," मुकादम भिंतीकडे बघत म्हणाले. "असतं तरी कसं?"

तिनं विचार केला. प्रश्न सोपा नव्हता.

"माझ्या लेकीच्या तोंडात बोट घातलं ना," ती म्हणाली, "की दात यायच्या आधीची हिरडी लागते. मऊ, ओली, कोमट. आणि ती चावते, पण लागत नाही."

मुकादमांनी यावर पुष्कळ वेळ डोळे मिटून विचार केला. या वेळी दोन्ही.

"असं होय," ते म्हणाले. "मग चांगला रंग आहे."