खरं ते बेसिनपाशी

मी बोलतोय. अहो, इकडे, बेसिनच्या वर बघा. ज्यात बघून तुम्ही आत्ता दातात अडकलेली कोथिंबीर काढलीत, तोच मी आरसा. लाजू नका. गेली नऊ वर्षं मी लोकांचे दातच बघतोय.

भाईंदरच्या एका काचवाल्याच्या दुकानात माझा जन्म झाला. जन्म कसला, मी उरलो! एका मोठ्या काचेतून कुणाच्या तरी लग्नातल्या ड्रेसिंग टेबलासाठी चांगला लांबरुंद तुकडा कापला आणि बाजूला जो राहिला तो मी. माझा सख्खा भाऊ नव्या नवरीच्या खोलीत गेला, अत्तर-पावडरीत राहिला. मला मिळालं हॉटेलातलं बेसिन. पहिल्याच दिवशी एका गृहस्थांनी माझ्यासमोर अशी काही खळखळून चूळ भरली, की माझा अर्धा चेहरा शिंतोड्यांनी भरला. आठवडाभर मी रुसून बसलो होतो. पण आरशाचा रुसवा कोण काढणार? कोणीतरी ओला पंजा फिरवला, अजून खराब करून गेला.

माझा मालक काळूराम, मिरा रोडच्या पेणकरपाड्याचा. त्याचे वडील धर्माजी पावसात भातशेती करायचे आणि पाऊस सरला की मिठागरावर जायचे. धर्माजी वारले आणि दोन वर्षांनी काळूरामने शेत बिल्डरला दिलं. तिथे चार मजली बिल्डिंग उभी राहिली. तिच्या तळमजल्यावरचा एक गाळा काळूरामने आपल्याकडे ठेवला आणि नव्वद साली त्यात हॉटेल काढलं. नाव काय ठेवलं, तर ‘हॉटेल लुधियाना’. स्वतः जेजुरीपलीकडे कधी गेलेला नाही! पण कोणीतरी त्याच्या कानात भरवलं होतं, की नव्या बिल्डिंगांमधल्या लोकांना पंजाबी लागतं. मग काय, लाल दिवे आले, मेनूकार्डं आली आणि महिपत नावाचा आचारी आला. गल्ल्यावर कधी काळूराम बसायचा, कधी त्याची बायको मंजुळा.

आता तुम्हाला एक गुपित सांगतो. हॉटेलात माणूस दोन ठिकाणी बोलतो, गल्ल्यापाशी आणि बेसिनपाशी. गल्ल्यापाशी बडीशेप तोंडात टाकत म्हणतो, “वा शेठ, मजा आली.” आणि बेसिनपाशी? बेसिनपाशी खरं बोलतो. हात धुताना माणसाला खोटं सुचत नाही की काय, देव जाणे.

काय काय ऐकलंय मी! “सूप होतं का भांडी धुतलेलं पाणी?” “भाईसाब, रोटी है या चप्पल?” एका बाईंनी तर कोफ्ता पर्समध्ये घातला होता. म्हणाल्या, घरी नेऊन नवऱ्याला दाखवते, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतो ना! आणि हीच सगळी मंडळी तोंड पुसून गल्ल्यावर जायची. काळूराम हात जोडून विचारायचा, “जेवान बरा होता ना?” की लगेच, “एकदम फर्स्ट क्लास!” आपल्या लोकांना तोंडावर वाईट बोलवत नाही. चांगुलपणाच तो, पण त्या चांगुलपणाने काळूराम बुडत चालला होता.

चांगलंही ऐकलं हो. उदय नावाचा एक तरुण लग्न ठरल्यावर रश्मीला घेऊन पहिल्यांदा इथेच आला होता. माझ्यासमोर येऊन तीनदा केस विंचरले आणि पुटपुटला, “रश्मी, मला चहा करता येतो.” एवढंच सांगायचं होतं बिचाऱ्याला! तासाभराने रश्मी हात धुवायला आली ती एकटीच हसत होती. म्हणजे सांगितलं असणार. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, बेसिनवर असलो म्हणून काय झालं, दिवस काही वाईट नाहीत.

पण एकदा जेवून गेलेलं माणूस परत फिरकायचं नाही. पहिल्या वर्षी टेबलं भरली, दुसऱ्या वर्षी निम्मी झाली. काळूरामला काही समजेना. सगळे तर छान म्हणतात, मग येत का नाहीत? त्याने दारात लिंबू-मिरची बांधली. गल्ला पूर्वेकडे फिरवला, मग उत्तरेकडे फिरवला. काही उपयोग झाला नाही. मंजुळा दोन-चारदा बोलली, “अवो, भाजीचा काय तरी बघा.” तर तिच्यावरच खेकसला, “लोकं मना तोंडावर छान सांगतान, ती काय खोटी हायेत?” तिने मग विषय सोडला. रोज साबणाची वडी बदलायला माझ्याकडे यायची. साध्या नऊवारीतली बाई बघून नवख्या लोकांना वाटायचं, ही कामवाली असेल, आणि ते तिच्यासमोरही बिनधास्त बोलायचे. तिला सगळं माहीत होतं. जेवढं मला, तेवढंच तिला.

अशात एक दिवस काळूरामची आत्या शेवंती आली. बसली, पाणी प्याली आणि रिकामी टेबलं बघून म्हणाली, “काळू, बापाची जमीन इकलीस ना? हा त्याचाच तळतळाट हाय.”

झालं! ते वाक्य काळूरामच्या काळजात जाऊन बसलं. इथे तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. काळूरामचा चेहरा म्हणजे हुबेहूब धर्माजी. तेच रुंद नाक, कपाळावर तीच आडवी आठी. पाड्यातली म्हातारी माणसं त्याला बघून दचकायची. त्या दिवसापासून त्याने माझ्यात बघणं सोडलं. तोंड धुवायचा ते डोळे मिटून, आणि मान फिरवून निघून जायचा. माझ्यात त्याला स्वतःचा चेहरा दिसत नव्हता, बाप दिसत होता, आणि तोही रागावलेला. फार वाईट वाटायचं हो मला. ओरडून सांगावंसं वाटायचं, अरे बाबा, तळतळाट नाही, महिपतची ग्रेव्ही आहे ती! पण मला तोंड कुठे आहे? दुसऱ्यांचीच तोंडं सांभाळतो मी.

ब्याण्णवच्या एप्रिलमध्ये त्याने ठरवून टाकलं. हॉटेल बंद. गाळा एका साडीच्या दुकानवाल्याला द्यायचा, अक्षय्य तृतीयेला चावी हातात ठेवायची. “बाबाला नको हाय तं नको,” असं म्हणाला आणि त्या रात्री जेवला नाही. हे मला मंजुळेच्या तोंडून कळलं. ती मला पुसत होती आणि स्वतःशीच बोलत होती. माझ्याकडे बघत रडली थोडी, मग पदराने आधी मला पुसलं आणि मग डोळे.

चावी द्यायला चार दिवस राहिले होते. दुपारचे दोन वाजले असतील. उन्हाने जीव नकोसा झालेला. टँकरचं पाणी टाकीत चढतंय की नाही ते बघायला काळूराम गच्चीवर गेला होता, तो घामाघूम होऊन खाली आला. शर्ट काढून खुंटीला लावला, बनियनवर बेसिनपाशी आला, नेहमीसारखे डोळे मिटले आणि तोंडाला खसाखसा साबण लावला. कपाळ, मिशा, कान, सगळं पांढरं. मग नळ उघडला.

नळाने नुसती फुस्स हवा सोडली. मिरा रोडचा नळ तो, त्याला काय लाज!

“मंजुळे, पानी आन गं!” काळूराम ओरडला आणि डोळे घट्ट मिटून तिथेच उभा राहिला.

तेवढ्यात हात धुवायला वैजयंता आल्या, सोबत त्यांची पाच वर्षांची मानसी. ही मंडळी मात्र दर महिन्याला एकदा न चुकता यायची. वैजयंताबाई मराठवाड्यातल्या आणि त्यांचे यजमान सहादेव टेलिफोन खात्यात नोकरीला होते. पुढे कोणीतरी फेसाळलेला माणूस उभा आहे, पाणी नाही, म्हणून त्या मागे थांबल्या. मागून सहादेवही आले. ते गल्ल्यावर मंजुळेला “वहिनी, जेवण एकदम झकास!” असं सांगून आले होते.

“काय सांगून आलात?” वैजयंताबाईंनी विचारलं.

“झकास म्हटलं.”

“झकास! अहो, तीन भाज्या मागवल्या, तिन्ही एकच! नाव तेवढं बदललंय. एकाच पातेल्यातला लाल रस्सा सगळीकडं. अन् ते पनीर? मानसी अजून चघळतीय, बघा.”

मानसीने तोंड उघडून दाखवलं. खरंच चघळत होती.

काळूरामचा हात कानापाशी होता, तो तिथेच राहिला.

“मग पुढच्या वेळी सिल्व्हर पार्कला जाऊ,” सहादेव म्हणाले. “तिथे एक नवीन हॉटेल निघालंय.”

“नाही. इथंच यायचं.”

“अगं, आत्ता तर म्हणालीस...”

“जेवण बेकार आहे, माणूस नाही.” वैजयंताबाईंचा आवाज जरा खाली आला. “आमच्या गावच्या हॉटेलात माझ्या बापाचा कप बाहेर खिळ्याला टांगलेला असायचा. चहा पिऊन स्वतःच विसळायचा अन् परत टांगायचा. मी बघितलंय ते. अन् इथं? मानसीला खुर्ची बुटकी पडते म्हणून हा शेठ घरातली उशी घेऊन आला. ग्लास तिच्या हातात दिला. नाव विचारलं तेही तिचं, आपलं आडनाव नाही. अशा ठिकाणी घास गोडच लागतो, पनीर कसंही असू दे. वळण लावलंय बघा त्याच्या बापानं. फक्त भाजी तेवढी शिकवायची राहिली.”

काळूरामच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. साबण झोंबत होता म्हणून, की आणखी कशाने? मी समोरच होतो, मला विचाराल तर दोन्ही.

मंजुळा तांब्या घेऊन आली. “आधी त्यांना द्या,” वैजयंताबाई म्हणाल्या, “केव्हाचे उभे आहेत, डोळे झोंबत असतील.” मंजुळेने पाणी ओतलं. काळूरामने तोंड धुतलं, एकदा, दोनदा. फेस उतरला.

“अगं बाई! शेठ!” वैजयंताबाईंनी तोंडावर हात ठेवला. तो हातही रश्श्याचाच.

“शेठ, तिचं मनावर घेऊ नका,” सहादेव गडबडले, “उगाच आपली गंमत...”

काळूरामचं तिकडे लक्षच नव्हतं. त्याने मान वर केली आणि माझ्यात बघितलं. आठ महिन्यांनी! डोळे लाल, मिशीवरून पाणी ठिबकतंय. बघत राहिला. कपाळावरची ती आडवी आठी सैल झाली. आणि मग तो एकदम हसत सुटला. “मंजुळे! बाबा न्हाय गं! पनीर हाय, पनीर!”

सहादेव आणि वैजयंताबाई एकमेकांकडे बघायला लागले. मंजुळेला मात्र कळलं. ती तांब्या घेऊन तिथेच स्टुलावर बसली आणि हसता हसता रडायला लागली. “मी कवाधरना सांगतंय तुमाला!” मला तर वाटलं, छातीवरचा खिळाच कोणीतरी सैल केला.

“ताई,” काळूराम वैजयंताबाईंना म्हणाला, “आजून काय काय वाईट हाय, ता सगला सांगा.” आणि बाईही काही कमी नव्हत्या. बसल्या आणि अर्धा तास सांगत होत्या.

मग महिपतला बाहेर बोलावलं. तो हात पुसत, घाबरत आला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “शेठ, खरं सांगू? माका पंजाबी येताच नाय. मी मालवणकडचो. तुम्ही बोर्ड लावलात, मी टोमॅटो घातले.” आता हसायची पाळी सगळ्यांची होती. दोन वर्षं तो बिचाराही जीव मुठीत धरून लाल रस्सा ढवळत होता!

अक्षय्य तृतीयेला काळूरामने चावी दिली नाही. त्या दिवशी मंजुळेने चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या केल्या आणि महिपतने आमटी-भाजी केली. पहिलं ताट काळूरामने धर्माजीच्या नावाने घरी नेलं. दुसऱ्या दिवसापासून हॉटेलात सुकटीचं कालवण, तळलेले बोंबील, भाकरी आणि आमटी-भातही. बोर्ड बदलायला पेंटरला सांगितलं होतं, तो दोनदा चहा पिऊन गेला आणि आलाच नाही. म्हणून अजूनही वर ‘हॉटेल लुधियाना’ आणि आत बोंबील! लोक नया नगरमधून विचारत येतात, “वो लुधियाना का फ्राय मछली किधर मिलता है?” गल्ल्यावर काळूराम आता विचारतो, “वाईट काय होता ते सांगा.” आणि लोक सांगतात हो. कालच एकजण म्हणाला, मीठ जास्त झालंय. काळूराम म्हणाला, “मिठागराची मानसं आमी, हात जरा सैल हाय.”

आता नव्व्याण्णव साल चालू आहे. माझा पारा कडेने उडालाय, खालचा एक कोपरा काळा पडलाय. गेल्या आठवड्यात काचवाला आला, भिंतभर नवा आरसा लावायचा म्हणाला. मला उतरवलं, जमिनीवर टेकवून ठेवलं. “शेठ, ये पुराना भंगार में दे दूँ?”

काळूराम माझ्यापाशी वाकला. गेली सात वर्षं रोज सकाळी शटर उघडलं, की आधी माझ्यापाशी येऊन तो केस विंचरतो आणि हळूच विचारतो, “काय बाबा, बरा हाय ना?” मला ठाऊक आहे, तो माझ्याशी बोलत नाही. पण विचारतो आणि हसतो, आणि मी ते हसू जसंच्या तसं त्याला परत देतो. कोणालाही माहीत नाही, असं आम्हाला दोघांनाही वाटत होतं.

तेवढ्यात गल्ल्यावरून मंजुळा ओरडली, “अवो! बाबांना भंगारात घालता काय?”

काळूरामने मला उचललं आणि शर्टाच्या बाहीने पुसलं. संध्याकाळी मी पेणकरपाड्याला त्याच्या घरी गेलो. दाराच्या आत, धर्माजीच्या फोटोशेजारी मला टांगलंय. हो, सुरुवातीला बेसिनच्या वर बघा म्हणालो, सवय जात नाही हो! तिथे आता नवा आहे. त्याच्यासमोर हात धुवाल तेव्हा मनातलं बोला, पण तेच जाताना गल्ल्यावरही सांगून जा. माणूस वाट बघत असतो.

आणि माझी काळजी करू नका. इथे कोणी चूळ भरत नाही. सकाळी काळूराम कामाला निघताना समोर उभा राहतो, आधी फोटोकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि दोन्हीकडे तोच चेहरा बघून निवांत बाहेर पडतो.