जांभळा ठिपका

माझ्या मावशीचा गुडघा बोलतो. जिना चढताना 'कट्' म्हणतो, उतरताना 'कट् कट्' म्हणतो, आणि मावशी त्याच्यावर आवाज चढवून म्हणते, "काही नाही गं, ठीक आहे!" ऑपरेशनची तारीख तिने दोनदा पुढे ढकलली. तिसरी तारीख देताना डॉक्टर म्हणाले, "आता ढकललीत तर माझ्याकडे येऊ नका, सरळ काठीच्या दुकानात जा."

हे सगळं अंड्यांपायी.

मावशी एका हॅचरीत कॉम्प्युटर सांभाळते. तिथे कोंबडीविना अंडी उबवतात. खोलीएवढाले इनक्युबेटर, आत ट्रेच्या चळतीच्या चळती. दर तासाला सगळे ट्रे एका बाजूला कलतात, पुढच्या तासाला दुसऱ्या. कोंबडी चोचीने अंडं उलटंपालटं करते ना, तेच काम. ट्रे अडकले तर आतलं पिल्लू कवचाला चिकटतं, आणि मग संपलंच. एकदा तसं झालंही होतं. तेव्हापासून मावशी तो बोलका गुडघा घेऊन दिवसभर एकेका यंत्राच्या काचेला नाक लावत फिरते. ती नसेल तेव्हा हे कोण करणार, म्हणून ऑपरेशन नाही.

"पण तुझ्या खोलीत एवढा मोठा स्क्रीन आहे की! तो काय शोभेला आहे?" मी एकदा विचारलं.

तेव्हा तिने मला एजंट समजावून सांगितला. एजंट म्हणजे गुप्तहेर नाही. (मला आधी तसंच वाटलं होतं, आणि मी फार खूश झाले होते.) प्रत्येक इनक्युबेटरला एक छोटा कॉम्प्युटर जोडलेला असतो, त्यात बसलेला हा एक छोटासा प्रोग्रॅम. मावशीचा मोठा कॉम्प्युटर थोड्या थोड्या वेळाने सगळ्या एजंटांना विचारतो, काय रे, डिस्क किती भरली? नेटवर्क नीट आहे? एजंट उत्तर देतो आणि भिंतीवरच्या स्क्रीनवर ठिपका उमटतो. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे बिघाड. अंड्यांचं त्याला सोयरसुतक नाही. सगळी अंडी वाया गेली तरी तो म्हणणार, डिस्क उत्तम आहे.

"मग त्याला अंड्यांचंच विचार की."

"विचारीन, पण त्याला आधी शिकवायला नको? एक स्क्रिप्ट, म्हणजे काय काय करायचं त्याच्या सूचना, लिहायची. मग एजंटच्या फाइलीत एक ओळ घालायची, की ट्रेबद्दल विचारलं तर ही स्क्रिप्ट चालव आणि ती म्हणेल ते सांग. ट्रे कुठे कललाय ते ओळखणारे सेन्सर बसवून झालेत, पण लिहायला मला वेळ कुठेय?"

"मी लिहिते!"

मावशीने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. गेल्या वर्षी मी असलं काही बोललेच नसते. तेव्हा मी हजेरीला 'हजर' म्हटलेलंसुद्धा फक्त बाकाला ऐकू जायचं. पण यंदा मी वक्तृत्व स्पर्धा जिंकले आणि आई म्हणते तसं, नळाची तोटीच निखळली. आता वर्गात बाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत माझा हात वर असतो. उत्तर? ते उभं राहता राहता तयार होतं! माझा एकच नियम, 'माहीत नाही' म्हणायचं नाही. ठासून बोललं की निम्म्या वेळा बरोबरच निघतं.

कॉम्प्युटरच्या तासाला शिकलेलं थोडं, मावशीने शिकवलेलं पुष्कळ, अशी ती स्क्रिप्ट मी लिहिली. मावशीच्या कॉम्प्युटरवरून चालवली, तर स्क्रीनवर आलं, 'ट्रे डावीकडे. वेळेवर फिरला. ठीक.' मी खुर्चीसकट गोल फिरले. मावशीने ती सगळ्या एजंटांना जोडून दिली आणि भिंतीवर ठिपक्यांची नवी ओळ उमटली. हिरवीगार!

तेवढ्यात हॅचरीचे मालक आले. त्यांना सगळे घाईकाका म्हणतात, कारण त्यांचं वाक्य दाराबाहेर सुरू होतं आणि आत पाय पडेपर्यंत संपलेलं असतं.

"हिरवं? छान! ताई, या तुम्ही गुडघा करून. पोरीने काम फत्ते केलंय, आता कशाला थांबता?"

"खोटं आजारपण राहिलंय," मावशी म्हणाली.

हा तिचा जुना नियम. नवा पहारेकरी नेमला की आधी त्याला फसवून बघायचं. खोटा आजार आणायचा आणि बोंब मारतो का ते पाहायचं. एक इनक्युबेटर रिकामा होता. मावशीने त्याची ट्रे फिरवणारी मोटर बंद केली आणि आम्ही बसलो. ती चहा घेऊन, मी इतिहासाचं पुस्तक घेऊन.

तास उलटला. काचेमागचे ट्रे रुसल्यासारखे एकाच बाजूला कललेले.

स्क्रीन हिरवा.

"होईल आता लाल," मी म्हणाले. ठासून.

चहा संपला. माझं एक अख्खं साम्राज्य लयाला गेलं. स्क्रीन हिरवाच.

मावशी ओरडली असती तर परवडलं असतं. ती शांतपणे म्हणाली, "तुझी स्क्रिप्ट हाताने चालव बघू."

मी चालवली. 'ट्रे फिरला नाही. बिघाड.'

"बघ! बरोबर सांगतेय की! तुझा एजंटच मठ्ठ आहे!"

"नाचता येईना, अंगण वाकडं," मावशी म्हणाली. "तू चालवतेस तेव्हा माझ्या नावाने चालवतेस. घरची पोर, सगळ्या खोल्यांत हिंडते. एजंट पडला पाहुणा. त्याला मी मुद्दामच फार किल्ल्या, म्हणजे परवानग्या, देत नाही. उद्या त्याच्या नावाने कुणी चोर शिरला तर? सेन्सरच्या खोलीची किल्ली त्याच्याकडे नाहीच. मी ती द्यायला विसरले."

"म्हणजे त्याने सेन्सर वाचलाच नाही? मग 'ठीक' कुठून आलं?"

तिने माझ्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. 'उत्तर = ठीक.' मीच लिहिलेली. आधी ठीक धरून चालायचं, मग सेन्सर वाचायचा, बिघाड दिसला तर उत्तर बदलायचं. वाचणंच जमलं नाही, म्हणून उत्तर कुणी बदललंच नाही.

"दारातून हाकलून दिलेला पाहुणा गावभर सांगतोय, आत सगळे मजेत आहेत," मावशी म्हणाली आणि हसली. मला हसू येईना. पाहुण्याला मी ओळखत होते. परवाच भूगोलाच्या तासाला त्याने हात वर करून एका नदीला भलत्याच समुद्रात नेऊन सोडलं होतं.

आणि हसणाऱ्या मावशीकडे बघताना आणखी एक जण आठवलं.

"तू पण तेच करतेस," मी म्हणाले. "आई फोनवर 'गुडघा' शब्द पुरा म्हणत नाही, तोवर तुझं 'ठीक' तयार."

"चल, आगाऊ कुठली! कामाला लाग."

पण हसणं थांबलं होतं.

मावशीने एजंटला तेवढ्या एकाच खोलीची किल्ली दिली. मी पहिली ओळ खोडून लिहिलं, 'उत्तर = माहीत नाही.' आता 'ठीक' फुकट मिळणार नव्हतं. सेन्सर गाठून, बघून, मगच. आणि सेन्सर बोलेना तर जास्त ताटकळायचंही नाही, 'माहीत नाही' म्हणून मोकळं व्हायचं. त्या उत्तरासाठी सिस्टिममध्ये जांभळा रंग पहिल्यापासूनच होता. बिचाऱ्याला कुणी कधी वापरलाच नव्हता.

पुन्हा खोटं आजारपण. मोटर बंद ठेवली, वेळ टळली आणि ठिपका लाल झाला. सेन्सरची वायर उपटली, जांभळा. सगळं जागेवर आणलं आणि ट्रे कलताच हिरवा. मी नाचले नाही. आणखी दोनदा वायर उपटून पाहिली.

दुसऱ्या दिवशी घाईकाका दारातूनच, "हे जांभळं काय आणि? काढा ते! गिऱ्हाइकांना काचेतून स्क्रीन दिसतो. 'माहीत नाही' असं कुणी भिंतीवर लावतं का? झाकली मूठ सव्वा लाखाची!"

आठवड्यापूर्वी मी भाषण ठोकलं असतं. आता मी फक्त सांगितलं, "काका, काल हिरवं बघून तुम्ही मावशीला 'जा' म्हणालात ना? तेव्हा ट्रेकडे कुणी बघितलंच नव्हतं. सगळे अडकले असते तरी ते हिरवंच राहिलं असतं."

ते चक्क थांबले. "मग जांभळं दिसलं की मी करायचं काय?"

"उठून बघून यायचं."

"मी?"

"तुमचे गुडघे ठणठणीत आहेत ना, काका."

मावशीने रिकाम्या कपात तोंड खुपसलं.

ऑपरेशनच्या दिवशी मी शाळेतून थेट हॅचरीत गेले. घाईकाका मावशीच्या खुर्चीत अवघडून बसले होते. बराच वेळ सगळं हिरवं होतं. मग कोपऱ्यातला एक ठिपका जांभळा झाला. हे खोटं आजारपण नव्हतं. त्या इनक्युबेटरमध्ये अंडी होती.

"बिघडला?" काका उभे राहिले.

"माहीत नाही."

"ट्रे फिरतायत का?"

"माहीत नाही, काका. म्हणून तर जांभळं."

ते पळाले. मी पण मागे. काचेला नाक लावून दोघं उभे राहिलो. बराच वेळ काहीच हललं नाही. काकांच्या श्वासाने काचेवर वाफ धरली, ती त्यांनी बाहीने पुसली. आणि मग सगळे ट्रे, सगळी अंडी, एकदम, सावकाश, उजवीकडे कलली. झाडताना कुणाच्या तरी झाडूने सेन्सरची वायर निघाली होती, एवढंच. मी ती परत खोचली.

"हिरवंच राहिलं असतं," काका म्हणाले, "आणि मोटर खरंच बंद असती, तर मी..." त्यांचं अर्धवट राहिलेलं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

खोलीत परतलो तर आईचा फोन. ऑपरेशन झालं होतं, मावशी शुद्धीवर होती आणि माझ्याशीच बोलायचं म्हणत होती.

"कसा आहे गुडघा?" मी विचारलं.

"ठी..." शब्द अर्ध्यावरच तुटला. मग मावशीचा दमलेला आवाज आला. "माहीत नाही गं. कमरेखालचं अजून काही कळतच नाहीये. डॉक्टर उद्या उभं करून बघणार आहेत, मग सांगते."

"चालेल."

"आणि तिकडे? ट्रे?"

भिंतीवर सगळं हिरवं होतं. ते हिरवं आता खरं होतं, हे मला माहीत होतं. तरी म्हटलं, "थांब, फोन ठेवू नकोस," आणि एकेका काचेला नाक लावत निघाले.