सातवी पायरी

दोघी जावाजावा. लग्नं झाल्यापासून भाड्याच्या एकाच घरात, एकाच ओट्याशी वावरलेल्या. दोघा भावांनी शेजारीशेजारी दोन प्लॉट घेतले आणि एकाच महिन्यात दोन्ही पाये खणले गेले. तेव्हाच थोरलीने मनाशी ठरवलं, आपलं घर आधी उभं राहिलं पाहिजे. धाकटीला नोकरीत बढती मिळाली होती. पाहुण्यांना चहासुद्धा धाकटीच्याच हातचा आवडायचा. निदान घराच्या बाबतीत तरी थोरलीला मागे राहायचं नव्हतं.

ती रोज संध्याकाळी बांधकामावर जायची, पण आधी बघायची शेजारची भिंत किती वर आली ते. तिचा मुकादम मोठा बेरकी. त्याने दोन दिवसांतच हे हेरलं.

"वहिनी, त्यांच्या खिडक्या बसायच्या आत तुमचा स्लॅब टाकून दाखवतो," असं तो म्हणाला की थोरलीची कळी खुलायची. मग विटा भिजवल्या का, भिंतीला पाणी मारलं का, हे विचारायचं राहूनच जायचं.

एके दिवशी धाकटीच्या स्वयंपाकघराची छातीइतकी उंच आलेली भिंत पाडलेली दिसली. थोरलीला आतून गुदगुल्या झाल्या.

"बघा," ती नवऱ्याला म्हणाली, "मोठ्या तोऱ्यात बांधत होती. पाडावी लागली ना शेवटी?"

"का पाडली, विचारलंस का?"

"मला काय करायचंय?"

पुढच्याच आठवड्यात धाकटी पदराला हात पुसत या बाजूला आली. "ताई, रागावू नका. पण तुमच्या गिलाव्याला तीन दिवस कुणी पाणी मारलेलं नाही. नखाने खरवडलं तर वाळू हातात येते. आणि जिन्याच्या पायऱ्या मला एकसारख्या वाटत नाहीत."

"आमचं काम पुढे गेलं म्हणून तुझ्या पोटात दुखतंय होय?"

धाकटीचा चेहरा उतरला. "बरं," एवढंच म्हणून ती वळली. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं कामापुरतं उरलं.

जिना तयार झाला, तेव्हा कठडा बसायचा होता. थोरली मोठ्या हौसेने सासऱ्यांना घर दाखवायला घेऊन आली. मामंजींनी उभा जन्म सुतारकामात घालवला होता. ते भिंतीला हात धरून सावकाश वर गेले, खोल्या पाहून आले. उतरताना सातव्या पायरीवर त्यांचं पाऊल चुकलं आणि ते खालपर्यंत गडगडत गेले.

उजवं मनगट मोडलं. मुकादम हळहळत म्हणाला, "वय झालं की नजर दगा देते हो." थोरलीने ते मानूनही टाकलं.

दवाखान्यात धाकटी कामावरून धावत आली. मामंजींनी तिच्याकडे पाणी मागितलं. पेला धाकटीने ओठांशी धरला, तेव्हा थोरलीला वाटलं, माझ्याकडे का नाही मागितलं? आणि पुढच्याच क्षणी तिला स्वतःची शरम वाटली. माणूस वेदनेने कळवळतोय आणि आपण पाणी कुणी पाजलं ते बघतोय.

चार दिवसांनी मामंजी थोरलीला म्हणाले, "सूनबाई, मला पुन्हा त्या जिन्यापाशी ने. माझा हात कामाचा नाही. पट्टी तू धर."

थोरली एकेक पायरी मोजत गेली. सहा इंच. सहा. सहा. सातवी भरली आठ.

"माणूस उतरताना पायऱ्या बघत नाही," मामंजी म्हणाले. "पहिल्या दोन पायऱ्यांवर पाय शिकतो आणि पुढच्या भरवशावर उतरतो. कारागिराने तो भरवसा मोडायचा नसतो."

"मुकादमाने गळा कापला आपला."

"त्याची चूक आहेच. त्याला सोडायचं नाही. पण तू त्याच्याकडे मागितलंस काय? चांगलं घर, की धाकटीच्या आधी घर? तू मागितलंस ते त्याने दिलं."

थोरलीने पट्टी पुन्हा सातव्या पायरीला लावली. आठच.

"धाकटीने भिंत का पाडली, ठाऊक आहे? ओळंब्याची दोरी सोडून पाहिली, तर भिंत बोटभर बाहेर कललेली. गवंडी म्हणाला, गिलाव्यात झाकून जाईल. ती म्हणाली, पाडा. त्या दिवशी घरी येऊन रडली ती. आणि तू हसत होतीस."

थोरली त्याच पायरीवर टेकली. किती दिवस आपण दुसरीच्या विटा मोजत बसलो! घरात लेकरं धावणार होती, म्हातारं माणूस चढउतार करणार होतं, आणि आपण ते घर शर्यतीला लावलं.

ती उठली आणि शेजारच्या बांधकामावर गेली. "माझं चुकलं गं. तुझा ओळंबा देतेस का जरा? मला तो धरताही येत नाही."

"मी येते," धाकटी म्हणाली. "एक टोक तुम्ही धरा."

दोघींनी दुपारभर घर तपासलं. दोन भिंती कलत्या निघाल्या, न्हाणीघरातल्या निम्म्या फरश्या पोकळ वाजल्या. थोरलीने एकेका जागी खडूने खूण केली आणि मुकादमाला समोर उभं केलं. "जिना तोडा. खुणा केल्यात ते सगळं नव्याने करा. आता रोज मी समोर उभी राहणार."

मुकादमाने डोकं खाजवलं आणि ठेवणीतलं अस्त्र काढलं. "वहिनी, विचार करा. आता तोडफोड केली तर त्यांचं घर तुमच्या आधी पुरं होईल."

"होऊ दे," थोरली म्हणाली. "तोडा."

धाकटी तीन महिने आधी राहायला गेली. तिची भांडी लावायला थोरली दिवसभर राबली. नव्या ओट्यावरून हात फिरवताना तिच्या मनात कळ उठली नाही असं नाही. उठली. पण ती कळ आता तिला ओळखू येत होती, म्हणून तिच्या तालावर ती नाचली नाही.

वाचकहो, निकृष्ट काम करणाऱ्याला जाब विचारलाच पाहिजे. तो आपला हक्क आहे आणि आपल्या मागून येणाऱ्यांसाठी कर्तव्यही. पण जाब विचारायला डोळे आपल्या भिंतीवर असावे लागतात. ज्याचा जीव शेजारच्या घरात अडकला आहे, त्याला फसवायला फार हुशार माणूस लागत नाही. शेजाऱ्याच्या आधी पोचायची घाई सोडा, आणि शेजारी चूक दाखवायला आला तर त्याला आत बोलवा.