नडगीवरची वर्तुळं

नंदकिशोर देशपांड्यांनी सरकारी कारखान्याच्या तपासणी खात्यात चौतीस वर्षं काढली. जे मोजलं नाही ते त्यांच्या लेखी घडलंच नाही. त्यामुळे बायकोच्या नडग्यांवर सुपारीएवढ्या लाल गाठी उठलेल्या दिसल्या, तेव्हा त्यांनी प्रत्येकीभोवती बॉलपेननं वर्तुळ काढलं आणि रोज सकाळी व्हर्नियर लावून व्यास लिहायला घेतला. डावीकडे चार, उजवीकडे तीन.

प्रतिमाताई मुकाट्यानं मोजून घेत. त्यांना सोमवारपर्यंत वेळ काढायचा होता. लेक प्रांजलीची बाळंतपणाची रजा संपत होती, आणि तिच्या घरी व्हाइटफील्डला जाऊन चार महिन्यांच्या ध्रुवला पायावर घेऊन न्हाऊ घालायचं त्यांनी कधीच ठरवून टाकलं होतं. शेजारच्या पवित्राक्का डास चावले म्हणाल्या. ताईंनी लगेच मानलं. सोयीचं निदान कुणाला पटत नाही?

पाचव्या दिवशी एक गाठ दोन मिलिमीटरनं वाढली, तेव्हा तक्ता घेऊन दोघं डॉक्टर क्षमांकडे गेली. डॉक्टरांनी तक्त्याचं कौतुक केलं. मग म्हणाल्या, कातडीखालच्या चरबीच्या थराला सूज आलीय. ती उतरेल, पण कशानं आली ते शोधायला हवं. घशाच्या संसर्गानं येते, एखाद्या औषधानं येते, कधी क्षयानंही. मध्यंतरी घसा दुखला होता का?

नंदकिशोर तक्ता चाळू लागले. असा रकानाच नव्हता.

"तीन आठवड्यांपूर्वी," ताई म्हणाल्या. "थुंकी गिळवत नव्हती. हे म्हणाले, आज घर कसं शांत वाटतंय."

घशाची, रक्ताची, छातीची तपासणी झाली. रिक्षात ताईंनी बजावलं, की प्रांजलीला कळता कामा नये. क्षयाचं नाव निघालं की बाळ हाती यायचं नाही. नंदकिशोर कानडीत "सरी", म्हणजे बरं, म्हणाले आणि संध्याकाळी लेकीला सगळं सांगून मोकळे झाले, वर तिचा घसा दुखत होता तेव्हा आपलंच लक्ष नव्हतं, हेही. ताई दोन दिवस बोलल्या नाहीत.

शनिवारी रिपोर्ट आले. छाती स्वच्छ होती. दोष घशाचाच निघाला. बाळाला खुशाल घ्या, डॉक्टर म्हणाल्या, फक्त नडग्यांवर महिनाभर भार नको.

सोमवारी व्हाइटफील्डच्या न्हाणीघरात नंदकिशोर पायजमा गुडघ्यावर चढवून पाटावर बसले होते, पाय लांब करून. ध्रुव त्यांच्या नडग्यांवर पालथा. ताई स्टुलावरून पाणी ओतत होत्या.

"पाय जुळवा. फटीतून पडेल तो."

त्यांनी जुळवले. मग खाली बघतच विचारलं, "तुला अजून दुखतं का गं?"

"दुखतं," ताई म्हणाल्या. "मान धरा त्याची."