घुम्याची बढती

त्याला सगळे घुम्या म्हणत. तोंडावर म्हणत, कारण तो उलटून बोलणार नाही याची खात्री होती. माणूस गप्प असला की लोकांना वाटतं, याला एक तर अक्कल नाही किंवा याच्या पोटात पाप आहे. तिसरं काही असू शकतं, हे बडबड्यांच्या टाळक्यात शिरतच नाही.

घुम्या बांधकामावरची उंच क्रेन चालवायचा. सकाळी कमरेला पट्टा बांधून शिडीने वर चढला की काचेच्या त्या खोलीत तो एकटा. खालून म्हातारा सिग्नलवाला वायरलेसवर बोलायचा, "उचल. डावीकडे. सावकाश. सोड." बस, एवढंच. आणि सळ्यांचा भारा हवेतून असा सरकत जायचा, जसं कोणी झोपलेलं मूल एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर ठेवतंय. म्हाताऱ्याला तो काका म्हणायचा. दोघांनी कित्येक वर्षं या चार शब्दांवर निभावलं होतं. पुष्कळ नवरा-बायकोंना तेवढेही पुरवता येत नाहीत.

पण घरी घुम्या बोलायचा! हे बांधकामावर कोणाला सांगितलं असतं तर हसून लोळले असते. त्याची बायको बुटांच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकांशी दिवसभर गोड बोलून तिचा जबडा दुखायचा. तुमचा पाय रुंद आहे असं म्हणायचं नाही, या कंपनीचा बूट अरुंद येतो असं म्हणायचं. संध्याकाळी ती पाय पसरून मुकाट बसायची आणि मग घुम्या क्रेनवरून दिसलेलं सांगत सुटायचा. समोरच्या गच्चीवर एक टकलू कुत्र्याला पेपर वाचून दाखवतो. शाळेच्या मागे दोन मास्तर चोरून सिगारेट ओढतात, एक भिंतीच्या या अंगाला, दुसरा त्या अंगाला, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही.

"मग? भेटले का कधी?" ती विचारायची.

"आज भेटणार होते. नेमकी घंटा झाली."

ती खो खो हसायची. दिवसभर एकांतात साठलेलं तो सगळं तिच्या पुढ्यात ओतायचा. दोघांचा संसार या तासाभरावर उभा होता. त्या तासाला मात्र दोघांनी कधी नाव दिलं नाही, म्हणून त्याची किंमतही कळली नाही.

बायकोचा धाकटा भाऊ त्याच बांधकामावर स्टोअर सांभाळायचा. जीभ अशी की दगडाला पाझर फोडील. मनाने वाईट नव्हता. वाईट माणसं परवडतात हो, आपलं भलं करायला निघालेल्यांपासून वाचणं कठीण. जुना सुपरवायझर काम सोडून गेला आणि मेहुणा साहेबांच्या कानाला लागला. मग घरी येऊन मांडी ठोकून बसला.

"भाऊजी, जन्मभर त्या पिंजऱ्यात बसणार का? बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनंही विकलं जात नाही. साहेबांशी मी बोललोय. आता तुम्ही सुपरवायझर. काय?"

"हं," घुम्या म्हणाला.

घुम्याचं 'हं' म्हणजे ऐकलं, एवढंच. बहीण-भावांनी ते 'हो' धरलं. बायकोला तर तो खाली यायलाच हवा होता. वारा सुटला की दुकानात तिच्या हातातला बूट हातातच राहायचा. म्हणून तिने फिरून विचारलं नाही आणि घुम्यानेही तोंड उघडलं नाही. इथे चूक त्याचीच. गप्प राहणं हा स्वभाव आहे. नाही म्हणायच्या वेळी गिळून बसणं हा भित्रेपणा आहे. दोन्हींची गल्लत गप्प माणसंच जास्त करतात, आणि मग जगाच्या नावाने बोटं मोडतात.

सुपरवायझर झाल्यावर त्याच्या कानांना विसावा नाही. कंत्राटदार ओरडतोय, ट्रकवाला हॉर्न मारतोय, गवंडी रुसलाय, साहेबांची रोज मीटिंग. मीटिंगमध्ये प्रत्येकाने काहीतरी बोललंच पाहिजे. काल जे झालं ते आज सांगायचं आणि आज जे होणार नाही तेही सांगायचं. घुम्या दोन वाक्यांत संपवायचा. साहेब म्हणायचे, "अहो, जरा उत्साह दाखवा! माणसांना तुमचा वचक वाटायला नको?"

मेहुण्याने शिकवणी घेतली. "भाऊजी, पहिलं वाक्य फेकायचं ते जोरात. समोरचा दचकला की अर्धं काम फत्ते."

एका दुपारी सळ्यांचा ट्रक खोळंबला. साहेब बघत उभे. स्टोअरच्या दारातून मेहुणा हात वर करकरून खुणावतोय, जोरात, जोरात! वर नवा ऑपरेटर बिचकत होता, म्हणून काका त्याला धीराने एकेक शब्द देत होते. सवयीने नव्हे, शहाणपणाने. घुम्याला ते दिसत होतं. तरी तो काकांवर ओरडला, "डोळे फुटलेत का? जमत नसेल तर घरी बसा!"

माणसं फिदीफिदी हसली. साहेब म्हणाले, "आता कसं!"

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. मग वायरलेस तोंडाशी नेला आणि वरच्याला म्हणाले, "सावकाश." जेवणाच्या सुट्टीत ते डबा घेऊन पत्र्याच्या पलीकडे जाऊन बसले.

त्या दिवशी घुम्या घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. तसा तो बढतीपासून रोजच पडायचा.

"आज काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही."

"टकलू काय म्हणतोय?"

"खालून गच्ची दिसत नाही."

ती उठून उभी राहिली. "माझ्यावर राग आहे का? की बाहेर कोणी मिळालीय बोलायला?"

घुम्या उठून बसला. हसावं की रडावं त्याला कळेना. "अगं, बाहेर सगळा गावच मिळालाय बोलायला! सकाळपासून बोलतोय, बोलतोय, बोलतोय. माझ्याकडे शब्द आहेतच किती? घरी येईस्तोवर भांडं खरवडून निघतं. तुझ्यासाठी काही उरत नाही." मग त्याने काकांचं सांगितलं.

बायको खाली बसली. "मग तेव्हाच 'नाही' का म्हणाला नाहीत?"

"तुम्ही दोघं इतके खूश होता."

"वा! म्हणजे आमच्या खुशीपायी तुम्ही आतून मरायचं आणि मी धडधाकट नवऱ्याची विधवा होऊन बसायचं?" तिने डोळे पुसले. "मलाही वाऱ्याची भीती वाटते हो. पण निदान वरून तुम्ही घरी यायचात. आता कोण येतं कोण जाणे. मी सांगते भावाला."

"नको. मी सांगतो."

रविवारी मेहुणा आला, तो येतानाच बोलत आला. घुम्याने त्याला संपवू दिलं नाही. हेही पहिल्यांदाच. "मला सुपरवायझर राहायचं नाही. मी परत वर जाणार."

मेहुण्याने बहिणीकडे पाहिलं. "ताई, यांना काय झालं?"

"मला माझा बोलका नवरा परत हवाय."

"बोलका?" मेहुणा गुडघ्यावर थाप मारून हसायला लागला. "हे? अगं, आमच्या तराजूचा काटा यांच्यापेक्षा जास्त आवाज करतो!" कोणीच हसत नाही हे बघून तो थांबला. मग भडकला. "साहेबांपुढे मी शब्द टाकला, भाऊजी. माझं नाक कापायला निघालात. चार लोक काय म्हणतील? मोठा झाला आणि झेपलं नाही!"

"म्हणू दे. खरंच झेपलं नाही," घुम्या म्हणाला. "आणि झेपवायचंही नाही मला. तू भल्यासाठी केलंस, ते मी विसरणार नाही. पण मला विचारल्याशिवाय माझ्यासाठी शब्द टाकू नकोस. माझे कमी असले तरी माझे आहेत."

मेहुणा चहा तसाच ठेवून निघून गेला.

सोमवारच्या मीटिंगमध्ये घुम्या सगळ्यांदेखत उभा राहिला. आधी काकांची माफी मागितली, नाव घेऊन, कशाबद्दल तेही सांगून. मग साहेबांना म्हणाला, मला क्रेनवर परत घ्या.

"लोक वर चढायला धडपडतात," साहेब म्हणाले, "आणि तुम्ही..."

"मीही वर चढायलाच मागतोय, साहेब."

हशा पिकला. साहेबांना हसू आलं नाही. त्याची क्रेन आता नव्याकडे होती, ती काढून घेता येणार नव्हती. मागच्या बाजूची जुनी होती, तिच्या खोलीत पंखा नाही, शिडी अरुंद आणि समोर नुसत्या भिंती. पगारही जुनाच. "चालेल?"

"चालेल," घुम्या म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो पट्टा घ्यायला स्टोअरच्या खिडकीशी गेला. मेहुण्याने मान वर केली नाही. फळीवरून एक पट्टा ओढला, पुढे सरकवला, मग परत आपल्याकडे घेतला. एकेक कडी ओढून पाहिली. एक त्याला पटली नसावी. तो पट्टा बाजूला फेकून दुसरा काढला आणि पुन्हा सगळ्या कड्या दोन्ही हातांनी ताणल्या, दात-ओठ खाऊन, जसा काही कोणाचा गळाच धरलाय. मग तो घुम्याच्या अंगावर टाकला आणि पाठ फिरवली.

घुम्याने पट्टा कमरेला आवळला. त्या पाठीला काही बोलावं असं त्याला वाटलं, पण आज ती वेळ नव्हती. तो मागच्या बाजूला निघाला. तिथे शिडीच्या पायथ्याशी काका वायरलेस घेऊन उभे होते. त्यांनीही बदली मागून घेतली होती.