'भुंगा हरला' नावाची चवळी

"चवळीचा वडा कडू लागतोय बाई," शेजारची ताबावा माझ्या कानाशी पुटपुटली, आणि तरी दुसरा उचललाच.

"तेल जुनं असेल," मी म्हणाले. काल कांद्यावर ढकललं होतं, परवा मिठावर.

कढईपाशी माझी थोरली सवत, देलूअक्का. तिने ऐकलं, पण झारा थांबला नाही.

माझं लग्न व्हायच्या आधी कानो शहरातल्या शेतकी खात्याच्या लोकांनी तिला मूठभर चवळी दिली होती. या दाण्यावर भुंगा अंडी घाली, पण अळी आत शिरली की मरे. लोकांनी नाव ठेवलं, 'भुंगा हरला'. गावभर बी गेलं ते अक्काच्या हातून. मग बियाण्यात राख कालवायचं कोणाला सुचतंय? जुन्या वाणाची चवळी तर आम्ही शिजवून खाऊन टाकली. गाढव मिळाल्यावर पायी कोण चालतं!

मरायच्या त्या अळ्या निपुत्रिक मेल्या. एखादी तगली असेल, तिचंच हे आताच्या भुंग्यांचं सगळं गोत. हल्ली मी चवळी भिजवली की निम्मी वर तरंगते, दाण्याला गोल भोकं. ती गुपचूप शेळ्यांना घालते. घरोघरच्या शेळ्या सध्या चवळी खातात आणि कोणी कोणाला का म्हणून विचारत नाही. पेरायचं म्हटलं की सगळ्यांची नजर अक्काच्या रांजणाकडे.

"देलूअक्का, पेरणी आली गं," ताबावा बोट चाटत म्हणाली. "थोडं बी दे की."

"तुझ्या घरचं कुठं गेलं?"

"आहे की! पण तुझ्या हातचं ते तुझ्या हातचं."

"उद्या ये," मी घाईने म्हणाले.

"उद्या कशाला? आत्ताच घेऊन जा." अक्का उठली. तिच्यामागून आम्ही दोघी.

तोंड मातीने लिंपलेल्या रांजणाला तिने कान लावला. पत्र्यावर वाळू सरकावी तशी सळसळ मलाही ऐकू येत होती. ताबावा छताकडे बघत राहिली.

अक्काने लिंपण फोडलं. भुंगे तिच्या मनगटावर चढले. तिने झटकले नाहीत.

"उन्हात पसरलं की जातील," ताबावा म्हणाली.

"वरवरचेच असतील, अक्का. तळाला चांगलं असेल," मी म्हणाले.

अक्काने कोपरापर्यंत हात घातला, तळ चाचपला आणि मूठ वर काढून आमच्यापुढे उघडली. पीठ होतं, आणि पोकळ टरफलं.

"तेल कालच आणलंय," ती माझ्याकडे बघून म्हणाली. मग ताबावाकडे वळली. "भुंगा हरला नाही गं. गावात पेरायला दाणा नाही."